गुरुवारची मोड

माणूस खांद्यानं माझ्या चांदीच्या दुकानाचं दार रेटून आत आला. हातात भांडी पुसायच्या फडक्याचं गाठोडं. काउंटरवर ठेवून त्यानं गाठ सोडली.

आईचं सोल्ये होतं ते. छातीवर टोचायचं चांदीचं ब्रोच, खाली वाटीसारख्या चकत्या लोंबणारं. आमच्या खोऱ्यात घरटी एक असतं, मान्य. पण ह्यातली एक चकती पालथी होती, आणि ती मीच डाख देऊन बसवली होती, नवशिकी असताना. आईनं ती कधी सुलटी करू दिली नाही. "राहू दे, गुन्वोरची खूण आहे," म्हणायची. आईमागे ते थोरल्या बहिणीकडे गेलं, औस्लाउगकडे. आत्ता पिनेला तिच्या सदऱ्याचा तुटका धागा अडकलेला होता.

औस्लाउग वर डोंगरात, शेतावर एकटी राहते. सतरा मेला, राष्ट्रीय दिनाला, सगळा गाव पारंपरिक पोशाख घालून मिरवतो, त्याआधी बायका चांदीच्या पेट्या उघडून बसतात, आणि हे चोरांनाही ठाऊक असतं. त्या वसंतात खोऱ्यात दर आठवड्याला एक घर फुटत होतं. पलीकडच्या गावात तर एका म्हाताऱ्याला खुर्चीला बांधून गेले होते. तो सापडला तेव्हा उशीर झाला होता.

"कुणाचं हो हे?" मी विचारलं.

"आईचं." तो माझ्याकडे बघेना. "किती येतील?"

कुणाच्या आईचं रे, मेल्या? हे मनात. तोंडानं म्हटलं, "बसा. चष्मा घेऊन येते."

पडद्यामागे जाऊन औस्लाउगला फोन लावला. वाजला, वाजला, बंद पडला. परत लावला. परत तेच. मग पोलिसांना लावला. ते म्हणाले, गाडी निघतेय, पण तास लागेल, तोवर त्याला बोलण्यात गुंतवा. गुंतवा म्हणे! मी चष्मा शोधून नाकावर चढवला.

बाहेर आले आणि दुकानदारीण झाले. दुसरं येतं काय मला?

"ही शुद्ध चांदी नाही. हजारात आठशे तीस भाग चांदी, उरलेलं तांबं. त्याचे पैसे मिळत नाहीत."

"बरं."

"पिन पोलादी, ती वजा. सोन्याचा मुलामा नावापुरता, तो धरत नाही. आटवताना घट येते, ती तुमच्या माथी. आटणीवाल्याची मजुरी वेगळी. मग माझं."

"मग उरलं काय? भोपळा?" तो वैतागला. "आणि एवढं सुंदर ब्रोच तुम्ही आटवणार?"

असलं ब्रोच आटवतो कोण? घ्यायचं मोडीच्या भावानं, उजळून काचेत ठेवायचं, आणि मे महिन्यात घडणावळीसकट चौपटीनं विकायचं. माझं घर त्यावरच उभं आहे, लाजायचं काय त्यात? पण त्या दिवशी नफा कुणाला सुचतोय. जितकी वजावट सांगेन, तितका वेळ हाती. मी एकेक चकती भिंगाखाली धरली. ब्रोच काट्यावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. डोळ्यांपुढे नुसती औस्लाउगची स्वयंपाकघरातली खुर्ची.

"बाई, आटपा हो जरा. बाहेर गाडीत माणूस खोळंबलंय."

म्हणजे जोडीदारही होता! मी काउंटरखालचं बटण दाबलं. दाराचं कुलूप खट्‌कन बसलं.

"दार का लावलंत?"

"माझ्या बहिणीचं काय केलंस?" मी ओरडले. "जिवंत आहे का ती? बोल ना रे!"

तो पांढराफटक पडला. "कोण बहीण?"

"औस्लाउग!"

त्यानं दोन्ही हात वर केले. "अहो, त्याच बसल्यात गाडीत! मी एगिल. नगरपालिकेतर्फे घरी जाऊन त्यांची औषधं बघतो. त्यांनीच पाठवलंय मला. म्हणाल्या, आईचं आहे एवढंच सांग, ते काही खोटं नाही."

मी परत बटण दाबून कुलूप काढलं आणि तशीच बाहेर धावले, कोटाशिवाय. दार मागे आपोआप कुलूपबंद झालं आणि एगिल आतच राहिला. समोर निळी गाडी, आत डोक्याला रुमाल गुंडाळून औस्लाउग. जिवंत. मला रडू फुटलं आणि मग जो राग आला!

"भवाने, फोन का उचलत नाहीस? मेलीस असं वाटलं मला!"

तिनं काच खाली केली. "फोन घरी राहिला. पण तू इथे कशी? गुरुवारी तू मोड घेऊन शहरात जातेस. दुकानात तो नवा पोऱ्या असतो. म्हणून तर आजचा दिवस धरला."

"पोऱ्या तापानं पडलाय, म्हणून राहिले. आईचं सोल्ये विकतेस? माझ्याच दुकानात, मलाच चोरून?"

"दुसऱ्यांनी आटवलं असतं. तू काचेत ठेवतेस, चौपट लावतेस, मला काय माहीत नाही? निदान कुणा पोरीच्या अंगावर तरी गेलं असतं."

"अगं, पण मग मला का नाही दिलंस? सरळ येऊन हातात ठेवायचं!"

मागे एगिल काचेवर थापा मारत होता. तिनं तिकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुला दिलं असतं, तर तू विचारलं असतंस, का देतेस म्हणून."

काच वर करायला तिनं हात उचलला. बाही मागे सरली आणि मनगटावरचं घड्याळ घसरत पार कोपराशी जाऊन थांबलं. मी गाडीच्या दाराला धरून उभी राहिले. मग का ते न विचारता आत हात घालून घड्याळ तिच्या हाडकुळ्या मनगटावर सरकवलं; ते पुन्हा कोपराशी गेलं.