बिनशब्दांची गाणी

"शब्द नसलेलं काहीतरी लावा," दारात उभा राहून लष्करी अधिकारी म्हणाला. "आणि रडकं नको. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, सगळं ठीक चाललंय."

केंद्रातल्या तबकड्या सांभाळणारे, म्हणून सगळ्यांचे तबकडीकाका, कपाटाशी उभे होते. सकाळचे साडेसात वाजले होते. वीस मिनिटांपूर्वी लष्कराच्या दोन गाड्या नभोवाणी केंद्राच्या आवारात शिरल्या होत्या आणि सातच्या बातम्या मध्येच तुटल्या होत्या. निवेदिकेच्या हातात एक कागद दिला गेला. तिने तो वाचला: जनतेने घराबाहेर पडू नये, पुढील सूचनेची वाट पाहावी. दर तासाला तोच कागद, आणि मधला सगळा वेळ संगीत.

"मारून-मुटकून आनंदी नको," अधिकारी पुढे म्हणाला. "आपलं साधं. आणि गाण्यात कोणी काही बोलायला नको. शब्द आले की त्यांचे अर्थ निघतात, मग माझ्या डोक्याला ताप."

काकांनी मान हलवली. त्यांनी डावीकडचा खालचा कप्पा उघडला. इलेक्ट्रिक गिटार, ऑर्गन, ट्रम्पेट, शीळ. त्यांच्या तरुणपणी ज्या चालींवर सगळं गाव पाय हलवायचं, त्या सगळ्या तिथे होत्या. आता ऐकणारे उरले होते थोडे. रविवारी दुपारी पंधरा मिनिटं मिळायची. अर्धा तास करा म्हणून काकांनी तीन वेळा अर्ज केला होता आणि तिन्ही वेळा केंद्राच्या साहेबांनी तो हसून बाजूला ठेवला होता. आज त्यांना अख्खा दिवस मिळाला होता.

पहिली तबकडी ठेवताना सुई दोनदा घसरली. दाराशी बसलेल्या पहारेकऱ्याने वर पाहिलं. पन्नाशीचा, थकलेला माणूस होता. बंदूक त्याने मांडीवर आडवी ठेवली होती आणि तिचं तोंड नेमकं काकांच्या गुडघ्याकडे होतं. मुद्दाम नसावं. पण काका दिवसभर त्या रेषेतून गुडघा बाजूला घेत राहिले.

बंदुकीपेक्षा त्यांना दुसरी काळजी खात होती. लेक सहाच्या बसने गेली होती. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आज तिची प्रात्यक्षिक परीक्षा. बस पुलावरून जायची. फोन तोडलेले होते. स्टुडिओला खिडकी नव्हती आणि भिंतींतून काही ऐकू येत नसे. तशाच त्या बांधल्या होत्या. फक्त जाड दार उघडलं की बाहेरचं थोडंसं आत यायचं. नऊ वाजता निवेदिका कागद वाचायला आली, तेव्हा लांबवर काहीतरी फुटल्याचे आवाज आले, एकापाठोपाठ एक. दार मिटलं आणि खोलीत पुन्हा ऑर्गनची गोड चाल उरली.

दहाच्या सुमारास काकांच्या हातून चूक झाली. त्यांनी घोड्याच्या टापांसारखा ठेका असलेली धून लावली. तीस वर्षं ती तबकडी हाताळत होते, तिचा कण न् कण त्यांना पाठ होता. पण भीतीने डोकं बधिर झालं होतं. दीड मिनिट झालं आणि वाजवणाऱ्यांपैकी कुणीतरी मोठ्याने ओरडला, "हेऽऽ".

अधिकारी धावत आला. "कोण ओरडलं?"

"तबकडीत आहे, साहेब."

"मी सांगितलं होतं, शब्द नको."

"शब्द नाहीये तो. नुसती आरोळी आहे."

"काय म्हणतोय तो?"

काकांनी सुईकडे हात नेला. "काही म्हणत नाही, साहेब," ते म्हणाले. "वाजवता वाजवता त्याला आनंद झालाय."

अधिकाऱ्याने दुसरी तबकडी लावायला सांगितली, आणि ही पुन्हा वाजणार नाही अशी खोडून टाकायला. काकांनी खिशातून घराची किल्ली काढली आणि काळ्या चकतीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत ओरखडा ओढला. मग दुसरा. कुणी दोन सांगितले नव्हते. ही तबकडी त्यांनी स्वतः शिफारस करून मागवली होती, हे त्यांना नंतर आठवलं.

अकराला निवेदिकेचा कागद बदलला होता. तिने तो न अडखळता वाचला. माइक बंद होताच पहारेकऱ्याकडे पाठ करून ती ओठातल्या ओठात म्हणाली, "काका, पूल नियंत्रणात आहे असं लिहिलंय यात. म्हणजे पुलावर काहीतरी झालंय. तुमची मुलगी तिकडूनच जाते ना?"

निवेदिका गेल्यावर काका कपाटापाशी खाली बसले आणि शिळेची तबकडी शोधू लागले. घरात तिला सगळे "सायकलवाली" म्हणत. लेक सात वर्षांची असताना अंगणात सायकल शिकत होती आणि काका मागून पळत हीच चाल शिळेवर वाजवायचे. शीळ थांबली की तिला कळायचं, बाबांनी हात सोडला.

त्यांनी ती लावली. संपली, तेव्हा पुन्हा लावली. लागोपाठ दोनदा तीच धून कुणी लावत नाही; लेक कुठेही रेडिओजवळ असली तर तिला कळेल, बाबा बरे आहेत. पलीकडून काही कळण्याचा मार्ग नव्हता. पहारेकरी नकळत बोटांनी ठेका धरत होता. काका त्या बोटांकडे बघत राहिले.

चार वाजता दुसरी माणसं आली आणि काकांना घरी जायला सांगण्यात आलं. निवेदिकेला मात्र थांबवून घेतलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. काका भिंतीच्या कडेकडेने, पळू नये एवढं भान ठेवत चालले. बायको दार किलकिलं करून उभी होती. त्यांना बघून तिने फक्त विचारलं, "अहो, ती?"

लेक दिवेलागणीला आली. पायात एकच चप्पल होती, बाहीवर रक्त वाळलं होतं. "माझं नाही," ती आधीच म्हणाली. आईने तिला जवळ घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

पाणी पिऊन झाल्यावर ती सांगू लागली. बस पुलाच्या अलीकडेच अडवली होती. ती आणि आणखी दहाजण एका शिवणकामाच्या दुकानात शिरले, शटर ओढून मशीनांच्या खाली पडून राहिले. दुकानातला रेडिओ चालू होता.

"सायकलवाली ऐकलीस?" काकांनी विचारलं. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "दोनदा लावली. तुला कळावं म्हणून."

"कळलं, बाबा."

मग ती बाहीकडे बघत म्हणाली, "दुकानवाल्या मावशी म्हणाल्या, रेडिओवर असली गाणी चाललीत म्हणजे निवळलं असेल बाहेर. बघून येते म्हणाल्या. आणि शटर उचललं त्यांनी."

आईने बाही धुवायला पाणी आणलं.

तीन आठवड्यांनी केंद्र पुन्हा नेहमीसारखं सुरू झालं. निवेदिका परत आली, पण वाचायला बसली नाही; तिने पत्रव्यवहार विभागात बदली मागून घेतली. त्या वर्षी काकांना न मागता रविवारचा अर्धा तास मिळाला. पूर्वी आठवड्याला पंधरा-वीस पत्रं यायची, हे लावा, ते लावा म्हणून. आता एकही आलं नाही. चौथ्या रविवारनंतर काकांनीच तो कार्यक्रम बंद करायची टिपणी लिहिली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते न सुचून तो कोरा ठेवला.

निवृत्त झाल्यावर एका सकाळी ते न्हाव्याकडे दाढीला बसले होते. मागच्या बाकावर दोघं-तिघं वर्तमानपत्र वाचत होते. समोरच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला आणि गिटारची एक जुनी, हलकी चाल रस्ता ओलांडून आत आली. वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबलं. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. न्हाव्याने वस्तरा काकांच्या गळ्यापासून उचलला आणि हवेत तसाच धरून तो उभा राहिला. काका आरशात त्याचा हात बघत होते. चाल संपायला अजून दीड मिनिट होतं, हे त्या दुकानात फक्त त्यांना माहीत होतं.

"थांबूया जरा. पुढे काय सांगतात ऐकू," न्हावी हळूच म्हणाला.

"थांबा," काका म्हणाले, आणि साबण लावलेली मान तशीच वर करून बसून राहिले.