अर्धी भरलेली टोपली

मी एक टोपली बोलतेय. बांबूची, मोठ्या पोटाची. दरेकसाजवळच्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्याशा वस्तीत, सुकरामच्या पडवीत खुंटीला टांगलेली असते. टोपलीने काय बोलायचं, असं तुम्ही म्हणाल. पण जे मी पाहिलं ते दुसऱ्या कोणीच पाहिलं नाही, आणि माझी पंचाईत तिथेच आहे.

बुरडाने मला विणून बाजारात मांडलं. सुकरामच्या बायकोने, रुख्मिणीने, ऐंशी सांगितले असताना मला साठात घेतलं. घासाघिशीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मोहाची फुलं गळायला लागली की तांबडं फुटताना ती मला कमरेवर घेऊन स्वतःच्या शेताच्या बांधावर जायची. तिथला मोह तिच्या सासऱ्याने राखलेला. पलीकडे वीस पावलांवर जंगलाच्या हद्दीचा दगड. वेचताना ती माझ्याशी बोलायची. लेक नीतू नर्सिंगला लागली, हे तिने मला दहादा तरी सांगितलं असेल.

त्या सकाळी मी अर्धी भरले होते. वाघ जंगलाकडून आला. रुख्मिणीने मला त्याच्या अंगावर फेकलं. माझ्याने काय होणार? मी पालथी पडले आणि तो तिला दगडापलीकडे ओढत घेऊन गेला.

शोधत आलेल्या सुकरामला आधी मी सापडले. आमच्याकडे मोहाची टोपली पालथी ठेवत नाहीत. त्याने घाबऱ्याघुबऱ्या मला सुलटी केली, सांडलेली फुलं ओंजळीने आत भरली, मला कपाळाला लावून सोबत आलेल्या शेजारणीच्या हाती दिलं आणि मग तो पुढे धावला. हात सवयीने चालले, त्यात त्याचा काय दोष! माणसं जमली, बांधावरच्या खुणा तुडवल्या गेल्या. पंचनाम्याला आलेल्यांना रक्त दिसलं ते दगडापलीकडे, जंगलात. बाई परवानगीशिवाय जंगलात शिरली होती, असं लिहिलं गेलं. तशा मरणाला भरपाई नाही, म्हणाले.

गावात दोन तट पडले. कोणी म्हणे, लाखांवर पाणी सोडू नका. कोणी म्हणे, माणसाचं मोल पैशात कसं करता? नीतू तर पहिल्यापासूनच चिडलेली.

"मायची किंमत कायले घेऊन राहिले, बाबा? मले नाई पायजे तो पैसा."

"मले बी नाई पायजे," सुकराम म्हणाला. "पण त्यायनं नाई देला, म्हंजे तुही माय चोरी कराले गेली होती, असंच झालं ना?"

दुसऱ्या दिवशी नीतूनेच मला पुरावा म्हणून मांडीवर घेऊन सुकरामसोबत बसने वनखात्याच्या कचेरीत नेलं. साहेब माणूस वाईट नव्हता. पण टोपली कुठेही ठेवता येते, म्हणाला. जागेवरून ती हलवली कोणी, असंही त्याने विचारलं. सुकरामने मान खाली घातली. "म्याच," तो म्हणाला. मी तिथेच टेबलावर होते आणि मला तोंड नव्हतं. एवढी लाज मला कधीच वाटली नाही.

काल कागद आला. नीतूने पडवीत उभ्याने वाचला. घटनास्थळ, जंगल हद्दीच्या आत. मंजूर रक्कम, निरंक.

"निरंक म्हंजे काय वं?" सुकरामने विचारलं.

नीतूने कागदाची घडी घातली. "तपास चालू हाये अजून, बाबा."

"मंग लिहितीन ते बरोबर," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

तुमच्यापैकी कोणी त्या कचेरीत गेलात, तर माझं एवढं काम करा. पैशाचं काही बोलू नका. फक्त सांगा, रुख्मिणी आपल्याच झाडाखाली होती.