निरोगी माणसाची नळी

"मॅडम, पाण्याची रांग कोरी आहे," मी म्हणाले. "म्हणजे द्रावणं चांगली आहेत. तरी शेजारी पट्टी आलीये."

आमच्या डॉक्टर मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान. जांभळ्या दिव्याखालच्या जेलीच्या तुकड्यावर त्या वाकल्या आणि शेजारची रांग कुणाची हे पाहून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

गोचीड चावली की एक परजीवी रक्तात शिरतो आणि तांबड्या पेशींत घर करतो. सूक्ष्मदर्शकाखाली तासभर डोळे फोडले तरी तो हुकतो. म्हणून आम्ही यंत्रात त्याच्या डीएनएच्या लाखो प्रती काढतो. तो असला, तर चमकती पट्टी दिसते. रोग्यांच्या नळ्यांबरोबर तीन साक्षीदार ठेवावे लागतात: एक नक्की रोगी, एक नुसतं पाणी आणि एक निरोगी माणूस. अकरा वर्षं तो निरोगी माणूस मी होते. दर महिन्याला सुई टोचून घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही कुणाला पुढे येऊ दिलं नसतं.

"तुमचा हात हलला असेल, ताई. एका नळीतलं दुसरीत गेलं असेल."

हे वर्मी लागलं. सव्वीस वर्षांत माझा हात हललेला नाही. पण त्या दिवशी मीच मनात म्हणत होते, हलला असू दे. शुक्रवारी अक्काचं, माझ्या मोठ्या बहिणीचं, ऑपरेशन होतं. आमच्या दोघींचा रक्तगट असा, की शोधताना जोडे झिजतात. रक्त मी देणार, असा शब्द दिला होता.

नवी सुई, नव्या नळ्या, पलीकडची खोली. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. चार तासांनी पट्टी पुन्हा आली, सरळ आणि ठळक. हात हलला नव्हता. फार वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

"ताप वगैरे?" मॅडमनी स्टूल ओढलं.

"काही नाही. ठणठणीत आहे."

"गोचीड चावली होती?"

निवृत्त झाल्यापासून आमच्या ह्यांनी कुत्रा पाळलाय. रोज संध्याकाळी आम्ही त्याला घेऊन गवतातून फिरतो. घोट्यावरून किती गोचिड्या उपटून फेकल्या, त्याचा हिशोब कोण ठेवतो? दिवसभर लोकांना सांगायचं, गवतात जपून जा, आणि स्वतः मात्र चपला घालून हिंडायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मॅडमनी औषध लिहून दिलं आणि स्वतःची बाही वर केली. "आता निरोगी माणूस मी. घ्या."

मी घेतलं. त्यांचं रक्त माझ्याहून काही जास्त लाल नव्हतं, पण नळी आता त्यांची होती.

मग अक्काला फोन केला. "शुक्रवारी माझं रक्त चालायचं नाही. त्यात किडा निघालाय. मला त्रास नाही, पण तुला झाला असता."

तिनं एवढंच विचारलं, "कुणी शोधला?"

"मीच."

"मग असणारच," ती म्हणाली. "औषध वेळेवर घे."

रक्तपेढीनं चार ठिकाणी फोन करून दोन पिशव्या मिळवल्या. ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी मी अक्काच्या उशाशी बसले होते. पिशवीवर देणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसता नंबर होता. तिच्या ओठांवर हळूहळू रंग येत होता, आणि तो माझा नव्हता, याचं मला वाईट वाटत होतं.

"हे नीट तपासलंय ना गं?" अक्कानं पुटपुटत विचारलं.

"तपासलंय."

"तू?"

"मी नाही. माझ्यासारखंच कुणीतरी."

अक्कानं मान हलवली आणि निर्धास्त डोळे मिटले.