दहा जणांची बाटली

ताई पूर्व आफ्रिकेतल्या त्या देशात गेली त्याला बत्तीस वर्षं झाली. येते येते म्हणत ती कधी आलीच नाही. आता तिचे गुडघे गेले, तेव्हा मीच तिकडे जायचं ठरलं. ठरल्यापासून तीन महिने मी वाचून वहीत टिपत होतो. तिकडच्या सॉकेटला तीन चौकोनी पिना लागतात, हिवतापाच्या गोळ्या निघण्याआधीच सुरू करायच्या, प्लास्टिकच्या पिशव्या विमानतळावर काढून घेतात. हे शेवटचं कळल्यावर बायकोने एकेक कपडा पिशवीत घालून भरलेली बॅग मी पुन्हा उपसली.

"प्रवासाला निघालाय की परीक्षेला?" ती म्हणाली. मलाही नक्की सांगता आलं नसतं.

वाचण्याच्या नादात पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस तेवढी राहून गेली. ती निघण्याच्या दहा दिवस आधी तरी टोचून घ्यावी लागते, आणि केंद्र फक्त बुधवारी उघडतं. हा बुधवार चुकला की विमान चुकलं. ताईने तर माझी खोली केव्हाच झाडून ठेवली होती.

केंद्रात परिचारिकेने डोकी मोजली. "दहा. बरोबर झाले. एका बाटलीत दहा जणांची लस असते. एकही कमी झाला तर फोडणार नाही, वाया जाते."

डॉक्टर यायचे होते. बाकावर शेजारी बसलेल्या कंत्राटदाराने विचारलं, "काका, वही दिसतेय म्हणजे अभ्यास झालाय. या लसीने काही होतं का हो?"

दुसरा कुणी 'नाही' म्हणून मोकळा झाला असता. मी वही उघडली. एकदा घेतली की जन्मभर पुरते, इथपासून सुरुवात केली. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, इथवर ठीक होतं. पण अर्धवट सांगणं मला जमत नाही. पुढची दीड पानंही वाचली. 'क्वचित' हा शब्द मी दर वेळी स्पष्ट उच्चारला, पण तो कुणी ऐकला नसावा.

कंत्राटदाराला फोन आला. वाजला नव्हता, तरी त्याने उचलला आणि बाहेर गेला. त्याच्यामागून एक बाई नवऱ्याला घेऊन चहाला उठल्या.

परिचारिकेने पुन्हा मोजलं. "सात! बाकीचे कुणी पळवले?"

सहा जणांनी माझ्याकडे पाहिलं.

"मग आता पुढच्या बुधवारी या सगळे."

"पुढच्या बुधवारी मला..." मी म्हणालो.

"काका, जरा मोठ्याने बोला."

ते होईना, म्हणून मी जिना उतरलो. तिघेही समोरच्या टपरीवर उभे होते. अनोळखी माणसांशी आपणहून बोलायची मला सवय नाही. खोटं बोलायची तर त्याहून नाही.

"मी गेल्या वर्षीच घेतली ही लस," मी म्हणालो. "काही होत नाही."

"मग आज परत कशाला?" बाईंनी विचारलं. "जन्मभर पुरते म्हणून मघाशी तुम्हीच वाचलंत ना?"

माझे कान तापले. "खोटं बोललो. बहीण आहे तिकडे. बत्तीस वर्षांत भेट नाही. आज लस मिळाली नाही तर जाणं होत नाही, आणि तुम्ही तिघं आल्याशिवाय बाटली फुटत नाही."

"अहो, मग हे सांगायचं! ते भलतंसलतं काय वाचत बसलात?"

"यांनी विचारलं." मी कंत्राटदाराकडे बोट केलं.

"विचारलं म्हणून काय सांगायचं असतं होय?" त्यांनी नवऱ्याच्या हातातला कप काढून घेतला. "चला हो." कंत्राटदारानेही मुकाट्याने फोन खिशात टाकला.

डॉक्टर आले. माझं वय पाहून त्यांनी रक्तदाब तपासला, दोन-चार प्रश्न विचारले आणि मान डोलावली. "हरकत नाही. आधी कोण?"

"काका!" नऊही जण एकदम म्हणाले.

"म्हणजे काही झालंच तर आम्हाला कळेल," कंत्राटदार मायेने म्हणाला.

मी बाही वर केली. सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली, कळलंही नाही. मान वर केली, तर नऊ जण माझा चेहरा वाचत होते. त्यांना धीर यावा म्हणून मी हसलो.

"तोंड वाकडं होतंय का हो यांचं?" कंत्राटदाराने घाबरून विचारलं.

बाईंनी मला नीट न्याहाळलं. "नाही, मूळचंच तसं आहे," त्या म्हणाल्या आणि बाही सरसावत पुढे आल्या.