विमलबाईचा मुठीचा डबा

मित्रांनो, रोह्यातल्या एका घरात चुलीच्या वरच्या फळीवर पत्र्याचा एक जुना डबा बसलेला असतो. त्याच्या बुडाला दोन भोके आहेत. झाकण एका बाजूने उचललेले आहे. तो डबा म्हणजे मी. आता माझा कुणाला उपयोग नाही. पण ज्या कामासाठी मला घेतले होते ते काम चांगले होते, आणि ते कसे बंद पडले हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून सांगतो.

माझा जन्म पेणच्या बाजारात झाला. आधी मी गोडेतेलाच्या मोठ्या डब्याचा एक भाग होतो. तेल संपल्यावर कान्हू पत्रेवाल्याने तो डबा कापला, ठोकला, वाकवला, सांधे कथलाचा डाख देऊन जोडले आणि त्यातून तीन लहान डबे केले. त्यातला मी मधला. कान्हूने आम्हाला दुकानाबाहेर खिळ्याला टांगले. माझे दोन भाऊ लवकर गेले. एकात कुणी मीठ ठेवले, एकात कुणी साबण. मी महिनाभर वाऱ्यावर हलत राहिलो.

ते त्र्याहत्तर साल होते. विमलबाईचे लग्न नुकतेच झाले होते. तिचा नवरा दिनानाथ तिच्याहून वयाने बराच मोठा होता. त्याला रोह्याजवळ धाटावला एका कंपनीत काम लागले होते, आणि दोघे पेण सोडून निघाले होते. विमलबाईबरोबर गोदूबाई होती. ती पेणच्या ख्रिस्ती मंडळीतली बायबलबाई, म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी. ती विमलबाईला म्हणाली होती, "भांडीकुंडी मागाहून घे. आधी दुसऱ्याचा डबा घे."

कान्हूने मला खिळ्यावरून काढले आणि विचारले, "काय ठेवणार गो यात?"

"तांदूळ."

"एवढ्याशा डब्यात? नवऱ्याला उपाशी मारतेस काय?"

"नवऱ्याचं पिंप वेगळं हाय. हे दुसऱ्याचं."

"दुसऱ्याचं म्हणजे कोणाचं?"

"ते अजून ठरायचं हाय," असे म्हणून विमलबाई हसली.

मित्रांनो, त्या मंडळीतल्या बायकांची एक रीत होती. रोज भात लावताना, तांदूळ मापून झाले की त्यातली एक मूठ परत काढायची आणि वेगळ्या डब्यात टाकायची. घरातल्या माणसांना एक मूठ कमी पडते, पण कुणी उपाशी राहत नाही. रविवारी सगळ्या बायका आपापले डबे उपासनेला घेऊन येतात आणि एका टोपलीत रिकामे करतात. ते तांदूळ त्या आठवड्यात ज्या घरी गरज असेल त्या घरी जातात. ते घर ख्रिस्ती असले पाहिजे असे काही नाही.

विमलबाईने या रीतीत आपली एक भर घातली. मूठ टाकताना ती एक नाव घ्यायची. मोठी प्रार्थना नाही. "प्रभू, ही शकूसाठी," एवढेच, आणि झाकण लावायची. शकू म्हणजे पाय अधू असलेली शेजारीण. तिचा वार सोमवार. मंगळवार एका म्हाताऱ्या पोस्टमनचा होता, त्याचे कुणी उरले नव्हते. गुरुवार पुतळीचा. पुतळी कोलाडच्या रस्त्यावर एका खाणावळीत भांडी घासायची. तिचा नवरा वारला होता आणि सासू अंथरुणावर होती. असे सात वार आणि सात नावे. एखादे माणूस गेले किंवा गाव सोडून गेले, तर त्या वाराला दुसरे नाव येई. वार रिकामा राहत नसे.

ती नावे फक्त मी ऐकली. दिनानाथ तेव्हा शिफ्टला असायचा किंवा शिफ्टवरून येऊन झोपलेला असायचा. जागा असला तरी त्याचे लक्ष नसे. त्याला तो बायकांचा उद्योग वाटे. "मुठी मुठी काढून मला वाळवलंस," असे तो कधी चेष्टेने म्हणायचा. "वाळलायस कुठं? सदऱ्याची बटणं बघ," असे ती म्हणायची.

रोह्यात आमच्या मंडळीची सात-आठच घरे. जगन नावाच्या गृहस्थाच्या पुढच्या खोलीत उपासना व्हायची. उपासना चालवणारे धर्मगुरू, म्हणजे आमचे पाळकसाहेब, पेणहून एसटीने यायचे. टोपलीत तांदूळ ओतायची वेळ आली की माझा आवाज सगळ्यांत मोठा येई, कारण विमलबाईची मूठ मोठी होती. एकदा गोदूबाई पाळकसाहेबांबरोबर आली होती. तिने मला हातात घेऊन सगळ्यांना दाखवले. "पंधरा वर्षांचा हाय, पण आतून बघा, आरसा. ही रोज पुसते," ती म्हणाली. इतके कौतुक माझे पुन्हा कधी झाले नाही.

एकवीस वर्षे मी हे काम केले. मग विमलबाई आजारी पडली. तीन महिन्यांत सगळे संपले. त्यांना मूलबाळ नव्हते. त्याच वर्षी दिनानाथ कंपनीतून निवृत्त झाला. सकाळी उठून जायला शिफ्ट नाही आणि घरी यायचे तर घरात कुणी नाही. तो चुलीपुढे बसून राहायचा. चहा उतू जायचा, तो बघत राहायचा.

तो देवाशी बोलायचा, पण एकच वाक्य. "मला कशाला ठेवलंस?"

हे वाक्य मी दिवसातून कितीदा ऐकले ते सांगता येणार नाही. त्याला आधी तिनेच सगळे लावून दिले होते. कुठला सदरा घालायचा, कुणाच्या लग्नाला जायचे, उपासनेत कुठले गीत कुठल्या पानावर आहे. आता त्याला पान सापडत नसे, म्हणून तो पुस्तक मिटून बसायचा.

पाळकसाहेब भेटायला आले. ते म्हणाले, "दिनानाथ, देवाने तुम्हाला मागे ठेवलंय ते काहीतरी कामासाठीच."

"काय काम ते तुम्हाला सांगितलंय काय त्यानं?"

"नाही."

"मला पण नाय."

पाळकसाहेबांनी चहा बशीत ओतला. "मलाही माझं पुष्कळदा कळत नाही," ते म्हणाले, आणि चहा पिऊन एसटीला गेले. भला माणूस होता. खोटे बोलला नाही.

पाळकसाहेब गेल्यावर दिनानाथने फळीकडे पाहिले. तिथे मी होतो. त्याने मला खाली घेतले, झाकण उघडले आणि बराच वेळ आत पाहिले. त्याच्या मनात काय आले ते मला समजले. माझे काम मला सापडत नाही, तर तिचे काम तरी चालवू. मित्रांनो, मला किती बरे वाटले म्हणून सांगू.

पण त्याने ती मूठ कधी पाहिलीच नव्हती. विमलबाई कोरडे तांदूळ काढायची आणि मग उरलेले धुवायची. दिनानाथने तांदूळ मापले, तीन पाण्यांनी धुतले, आणि मग आठवण झाली म्हणून ओली मूठ माझ्यात टाकली. टाकून तो थांबला. त्याला एवढे ठाऊक होते की ती इथे काहीतरी म्हणायची.

"कोणासाठी?" तो पुटपुटला.

तो सोमवार होता. शकूसाठी, शकूसाठी, असे मी किती म्हटले. पण पत्र्याला तोंड नसते. सातही नावे माझ्यापाशी होती आणि एकही मला देता येत नव्हते. शेवटी तो म्हणाला, "विमलसाठी," आणि झाकण घट्ट लावले. जी देवाघरी पोचली तिला तांदूळ कशाला? पण त्याच्याजवळ दुसरे नावच नव्हते. सातही दिवस त्याने तेच नाव घेतले.

भाद्रपदातले ते दिवस. माझ्या पोटात ते ओले तांदूळ आंबले, चिकटले, त्यांच्यावर पिवळी बुरशी आली. दिनानाथ झाकण जेमतेम उचलायचा, मूठ टाकायचा. त्याला वास आला नाही. त्या दिवसांत त्याला कशाचाच वास येत नव्हता.

रविवारी धुतलेला सदरा घालून तो मला छातीशी धरून घेऊन गेला. बायकांचे तांदूळ टोपलीत पडले होते. स्वच्छ, पांढरे. बायकांच्या मागे हा एकटा पुरुष उभा राहिला. त्याची पाळी आली. त्याने मला पालथे केले. काही पडेना. त्याने बुडावर थाप मारली आणि तो सगळा गोळा इतरांच्या तांदळावर पडून फुटला.

सगळी खोली वासाने भरली. एका बाईने पदर नाकाला लावला. जगन म्हणाला, "दिनानाथ, भात शिजवूनच आणायचा तर वरण पण आणायचंस." दोघे-तिघे हसले. जगन वाईट नव्हता. त्याला वाटले, हसले की लाज कमी होईल. पाळकसाहेबांनी घाईने गीत सुरू केले. टोपलीतले सगळेच तांदूळ नासले होते. त्या आठवड्याची पाळी पुतळीची होती.

घरी येऊन दिनानाथने मला घासले, विसळले, आणि ओला असतानाच रागाने झाकण ठोकून बसवले. मग खाटेखाली ढकलले. त्यानंतर तो उपासनेला गेला नाही. पाळकसाहेब दोनदा येऊन दार वाजवून गेले. तो आत गप्प बसला होता. देवाला विचारायचेही त्याने सोडून दिले, आणि मला ते जास्त भयंकर वाटले. विचारणारा माणूस निदान कुणाची तरी वाट पाहत असतो.

खाटेखाली दोन पावसाळे गेले. माझ्या आत पाणी कोंडले होते. ते बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून ते मला खात राहिले. रोज पुसला जाणारा डबा मी. मला गंज म्हणजे काय ते माहीत नव्हते. मीही विचारू लागलो, मला कशाला ठेवले आहे? भंगारवाला दारावरून हाक मारत जायचा, तेव्हा वाटायचे, द्या एकदाचा.

मग एका दुपारी पुतळी आली. तिची सासू वारली होती, तेरावे नुकतेच झाले होते. दिनानाथने दार उघडले, पण तिला आत या म्हणाला नाही. ती आपणच उंबऱ्यावर बसली.

"काका, दाढी करा. विमलमावशी बघती तर पळून गेली असती."

दिनानाथने गालावरून हात फिरवला. मग म्हणाला, "पुतळे, तुझे तांदूळ मी नासवले."

"ठाऊक हाय. जगनभाऊंनी सांगितलं. त्या आठवड्यात पेज पिऊन राहिलो. मेलं नाय कोण."

"मग आलीस कशाला?"

पुतळी म्हणाली, "मावशी दर गुरुवारी माजं नाव घ्यायची. देवापुढं. तिनंच मला सांगितलेलं, गुरुवार तुझा. माझा देव माझ्या घरी हाय काका, मी काय तुमच्यातली नाय. पण गुरुवारी भांडी घासताना मला वाटायचं, आता रोह्यात कोणीतरी माजं नाव काढलं असेल. सासूचं करून करून जीव जायचा, त्यात एवढंच बरं वाटायचं. आता कोण घेतो ते विचारायला आले."

"कोणच नाय घेत."

"मग तुमी घ्या."

"माझं देवाशी बोलणं बंद हाय."

"बोलू नका. नाव घ्या नुसतं. नाव घ्यायला काय बोलावं लागतं?"

दिनानाथ खाली बसला. दाराच्या कडेला टेकून तो रडला, आणि पुतळी उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे पाहत राहिली. तिने त्याला थांबवले नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "मूठ कोरडी काढायची असते, हे तरी कळलं ना?"

"आता कळलं," तो म्हणाला.

ती गेल्यावर त्याने मला खाटेखालून ओढले. झाकण निघेना, म्हणून उलथन्याने उचकटले. त्याने कोरड्या तांदळाची मूठ घेतली आणि म्हणाला, "पुतळीसाठी." मी आसुसलेला होतो. पण तांदूळ माझ्यात पडले आणि बुडातून त्याच्या पायावर गळले. त्याने मला उजेडात धरले. माझ्या बुडातून त्याला अंगण दिसले.

त्याने मला फेकून दिले नाही. पुसून फळीवर ठेवले. तांदळासाठी त्याने झाकणाची बरणी घेतली, आणि नावे शोधायला तो स्वतः निघाला. आळीतल्या दारांशी उभा राहून तो विचारायचा, "विमल तुमचं नाव घेत होती काय?" काही हसले. काहींना वाटले, म्हाताऱ्याला वेड लागले. शकू सापडली. तिला दोन वर्षे कुणी विचारलेच नव्हते. पोस्टमन तोपर्यंत वारला होता. सातांपैकी तीन नावे मिळाली. बाकीची माझ्याकडेच राहिली, आणि माझ्याबरोबर जातील.

तो पुन्हा उपासनेला जातो. मागे बसतो. गीताचे पान अजून सापडत नाही. कुठल्या वारी नाव नसले, तर मूठ हातात धरून तो तसाच उभा राहतो. त्या वेळी त्याचा चेहरा पाहवत नाही.

परवा पुतळी आली होती. तिने विचारले, "मग काका, कळलं काय, देवानं कशाला ठेवलंय ते?"

दिनानाथने विचार केला. "नाय कळलं," तो म्हणाला. "पण गुरुवार कळतो."

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. तुमच्या घरात कुणी रोज एखादे बारीकसे काम करत असेल, तर एकदा शेजारी जाऊन उभे राहा. कसे करतेस, कोणासाठी करतेस, हे विचारून घ्या. ते सांगणारे माणूस आहे तोवर विचारा. आणि आमच्यासारखा एखादा डबा धुतलात, तर त्याला उन्हात पालथा घाला. आतले पाणी पुरते सुकू द्या. झाकण लगेच लावू नका.