गार झाल्यावर फूल

मी एक जुना, चपलांच्या खोक्याएवढा अ‍ॅम्प्लिफायर आहे. टेपमधला बारीक आवाज भरदार करून स्पीकरला देणं हे माझं काम. मित्रांनो, माझ्या डोक्यावर छोट्या बल्बसारखे काचेचे दोन व्हॉल्व्ह आहेत. बटण दाबलं की ते हळूहळू तांबूस होतात आणि अर्ध्या मिनिटानं मी बोलतो. घाई मला जमत नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

माझा जन्म १९९४ साली कोल्हापुरात, शनिवार पेठेतल्या एका स्वयंपाकघरात झाला. मला घडवणारे शिवमूर्ती उद्यमनगरात विजेच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळायचं, म्हणजे वाइंडिंगचं, काम करायचे. त्यांच्या बायकोकडे, रत्नव्वाकडे, एक कॅसेट होती. नेसरीचे तिचे वडील वारले होते आणि त्यांची भजनं तेवढी त्या कॅसेटमध्ये उरली होती.

"आप्पांचा आवाज असा न्हवता की," छोट्या टेपवर ती ऐकताना रत्नव्वा म्हणायची. "डब्यातनं आल्यागत वाटतोय."

म्हणून शिवमूर्तींनी मला करायला घेतलं. सुट्टीचे तीन सोमवार गेले. ट्रान्सफॉर्मर त्यांनी स्वतः गुंडाळला, व्हॉल्व्ह एका मोडक्या रेडिओतून काढले आणि अंगाला बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला.

"परत डबाच व्हय?" रत्नव्वा म्हणाली.

मला रागच आला. पण कॅसेट लागली आणि ती पिठाच्या हातानं तशीच खाली बसली. "आप्पाच हायत," एवढंच म्हणाली. तेव्हापासून रोज सकाळी भाकऱ्या होईपर्यंत मी गायचो. माझा रुबाब काय विचारता.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा असते, म्हणून पक्कड, पाने आणि मी असे देवापुढे ओळीनं बसलो. आप्पांचं भजन चालू होतं. ते मध्येच कसं थांबवायचं, म्हणून रत्नव्वानं मला बंद केलं नाही. हळदकुंकू लावलं आणि पाण्यात बुडवलेलं झेंडूचं फूल माझ्या तापलेल्या व्हॉल्व्हवर वाहिलं. टक्कन काच तडकली. आत हवा शिरून काचेची चंदेरी झाक पांढरी पडली आणि आप्पा अर्ध्या ओळीत थांबले.

शिवमूर्ती ओरडले नाहीत. "दुसरा बसवू की," म्हणाले. पण दुसरा मिळाला तर ना. दुकानदार हसायचे, "आता कोण ठेवतंय ह्ये, पावणं?"

माझी रवानगी माळ्यावर झाली. माझ्या अंगावर पापडांचा डबा आला. मला अपमान वाटला, पण माझ्याहून जास्त वाईट रत्नव्वाला वाटत होतं. तिनं कॅसेट लावणंच सोडलं. "माझ्याच हातानं आप्पांचा आवाज घालीवला," असं ती म्हणायची. फुटका व्हॉल्व्ह तिनं कापसात गुंडाळून पिशवीत ठेवला होता. पेठ वडगावच्या बाजाराला जावो की हातकणंगल्याला लग्नाला, भंगाराचं दुकान दिसलं की ती थांबून तो दाखवायची. अशी आठ वर्षं गेली.

पुढचं मला नंतर कळलं. २००३ साली ती माहेरी गेली, तेव्हा तिचा भाऊ वीरेश आप्पांचा बंद पडलेला रेडिओ भंगारात देत होता. रत्नव्वानं त्याची मागची पाटी काढायला लावली आणि आपला व्हॉल्व्ह आतल्यांशेजारी धरला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. काचेवर छापलेलं एकेक अक्षर बोटानं जुळवून पाहिलं. एका व्हॉल्व्हवरची सगळी जुळली.

घरी येऊन तिनं तो शिवमूर्तींच्या हातावर ठेवला. "ह्यो घालून बघा."

शिवमूर्तींनी मला माळ्यावरून काढलं, तो बसवला आणि कॅसेट लावून बटण दाबलं. मीसुद्धा घाबरलो होतो. मग आप्पा गाऊ लागले, आणि रत्नव्वा पदर तोंडाला लावून रडली.

आता खंडेनवमीला ती आधी माझी वायर काढते. काचेजवळ हात नेऊन बघते, थांबते, मग कोरडं फूल माझ्यापुढे ठेवते. मित्रांनो, आम्हा वस्तूंवर माया जरूर करा, पण आमचा स्वभाव ओळखून करा. माझं मागणं फार नाही. पूजेआधी मला गार होऊ द्या, आणि गाण्याआधी अर्धं मिनिट द्या.