लाल शाईचे कारण

पाठ्यपुस्तकांच्या त्या छापखान्यात मुद्रिते, म्हणजे छपाईपूर्वीची प्रुफे, तपासणाऱ्या बाईंना सगळे पुरावाबाई म्हणत. पदार्थविज्ञान शिकून आलेल्या; कोणी "आज उकडतंय" म्हटले तरी "किती अंश?" असे विचारणाऱ्या. टोपणनावाचा त्यांना राग नव्हता. राग आला तो व्यवस्थापकांनी त्या सकाळी पुढे सरकवलेल्या कागदाचा.

इंग्रजी भूगोलाच्या पुस्तकात नेदरलँड्स आणि फिलिपिन्स या नावांपुढे अकरा ठिकाणी 'इज'च्या जागी 'आर' छापले गेले होते. देश एकेकटा, क्रियापद अनेकवचनी. चाळीस हजार प्रती शाळांत पोहोचल्या होत्या आणि एका शिक्षिकेचे खरमरीत पत्र आले होते. कागदावर एकच वाक्य होते : 'ही चूक माझी आहे.' खाली सहीची जागा. पुरावाबाईंच्या नावावर अशी एक नोंद आधीच होती. दुसरी झाली की नोकरी जाणार.

"मी 'इज'च ठेवलं होतं. हिरव्या शाईनं."

"मग 'आर' काय भुतानं केलं?" बाजूच्या खुर्चीतून मुख्य संपादक म्हणाले.

"भुताकडे लाल शाई नसते, सर. तुमच्याकडे असते."

तिथला नियमच तसा होता. तपासनिसाची शाई हिरवी, संपादकांची लाल. प्रत्येक बदलाचे कारण समासात लिहायचे. आणि कोणाचा बदल खोडायचा तर आपलेही कारण द्यायचे.

"शेवटचं मुद्रित मागवा," बाई म्हणाल्या.

"ते रद्दीत गेलं," व्यवस्थापक म्हणाले.

"म्हणजे पुरावा नाही, पुरावाबाई!" संपादक खदखदून हसले.

त्या हसण्याने बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक जिना उतरून तळमजल्यावर गेल्या. रद्दीचे पुढे काय होते, हा प्रश्न वरच्या मजल्यावर कोणाला कधी पडला नव्हता. खाली पुस्तके बांधणारे काका जुन्या मुद्रितांतच नव्या पुस्तकांचे गठ्ठे गुंडाळत.

"काका, भूगोलाची मुद्रितं?"

"त्या सात गठ्ठ्यांनी पांघरलीत. पण सोडू नका हो ताई, आत्ताच बांधलेत!"

"मी परत बांधून देते."

"तुमची गाठ? देव वाचवो. मीच सोडतो."

पाचव्या गठ्ठ्यावर पान एकशे बारा निघाले. समासात हिरव्या शाईत 'एक देश. तीन कोश पाहिले.' त्यावर आडवी लाल रेघ, आणि शेजारी मोठ्या ऐटीत : 'कारण : शेवटी एस आहे.'

बाईंनी ते पान वर नेऊन टेबलावर पसरले. संपादकांचे हसू मावळले. आवाज मात्र चढला.

"तीस वर्षं भाषा तपासतोय मी! शेवटी एस म्हणजे अनेकवचन, हे शेंबडं पोरही सांगेल."

"सांगेल. म्हणून तर त्याला संपादक नेमत नाहीत. फिजिक्सच्या शेवटीही एस आहे, सर. मग मी किती विषय शिकले?"

"बाई, ताणू नका," व्यवस्थापक मऊ सुरात म्हणाले. "सरांच्या निवृत्तीला दोन महिने राहिलेत. तुमचं काय, तरुण आहात, कुठेही चिकटाल."

म्हणजे पुरावा पाहूनही निकाल तोच. बाईंचा हात मात्र स्थिर होता. प्रयोगशाळेत तो तसा ठेवायची सवयच लागली होती. त्यांनी कबुलीचा कागद पुढे ओढला आणि मुद्रितासारखा तपासला. 'माझी' खोडले. वर हिरव्या शाईत 'मुख्य संपादकांची' लिहिले. समासात : 'कारण : पान एकशे बारा, लाल शाई. सोबत जोडले आहे.'

"नियम भिंतीवर टांगलाय, साहेब. माझा बदल खोडा, पण समासात कारण लिहा. मी मुकाट्यानं घरी जाते."

व्यवस्थापकांनी पेन उघडले. 'कारण' लिहिले, पुढे दोन टिंबे दिली आणि मदतीसाठी संपादकांकडे पाहिले. संपादक भिंतीकडे पाहत होते. नियमाखालची सही त्यांचीच होती.

व्यवस्थापकांनी ते 'कारण' खोडले आणि कागद संपादकांच्या खुर्चीच्या दिशेने सरकवला.

"सर," ते खाली मान घालून म्हणाले, "सही तुमची लागेल."

सहीची लाल शाई वाळेपर्यंत पुरावाबाई जागच्या हलल्या नाहीत.